पंचेचाळीस किलोची अट

एकोणतीस मेच्या आत मला सव्वादोन किलो वाढायचं होतं. हातात चाळीस दिवस होते. काम सोपं वाटलं, कारण आमच्या गल्लीतली निम्मी माणसं हेच काम काही न करता, बसल्या जागी करत असतात.

त्या तारखेला माझी बायको पंचशीला हिला जाऊन वर्ष होणार होतं. घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवायचा, भन्तेंना भोजनदान द्यायचं आणि दारापुढे मांडव टाकून रक्तदान शिबिर घ्यायचं, असं मी ठरवलं. आजारपणात तिला अकरा बाटल्या रक्त लागलं. अकराही बाटल्या अनोळखी माणसांच्या. मी एकदा द्यायला गेलो होतो. तिथल्या माणसानं विचारलं, सकाळपासून काय खाल्लं? मी म्हणालो, कालपासून काही नाही. तो म्हणाला, उपाशी माणसाचं घेत नाहीत, खाऊन या. मी खाली जाऊन पोहे खाल्ले, चहा घेतला आणि वर आलो, तोवर दुसऱ्या कुणीतरी देऊन टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात ती गेली. पोहे बरे होते. माझं द्यायचं मात्र राहिलं.

म्हणून शिबिर. आणि शिबिरात एक बाटली माझी.

रक्तपेढीचा माणूस रविकांत घरी आला. मे महिन्यात रक्ताचा तुटवडा असतो, त्यामुळे तो खुशीत होता. पंचवीस माणसं असतील तरच गाडी येते, असं त्यानं सांगितलं. मी म्हणालो, चाळीस होतील, त्यातला पहिला मी. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि त्याची खुशी थोडी कमी झाली.

"काका, वजन किती हाय तुमचं?"

मला माहीत नव्हतं. बऱ्याच गोष्टी पंचशीलेला माहीत असायच्या, त्यात हीही असावी.

"पंचेचाळीस लागतं. त्याच्या खाली आम्ही टोचतच न्हाई. आणि वय?"

"एकोणसाठ."

"आधी कधी दिलंय?"

"नाही."

"मग साठच्या आत द्यावं लागंल. साठनंतर पहिल्यांदा देणाऱ्याचं घेत न्हाईत."

एक जूनला मला साठ पूर्ण होतात. माझ्या वर्गात एकोणचाळीस पोरं होती, त्यातल्या तीसजणांचा जन्म एक जूनचाच. गुरुजींनी नाव घालताना प्रत्येकाच्या बापाला विचारलं नाही. आई म्हणायची, तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालास. पण आई सरकारी कागद नव्हती. म्हणजे एकोणतीस मेला जमलं तर जमलं. त्यानंतर हातात दोन दिवस, आणि मग कायमचं नाही.

मी शेती खात्याच्या एका ऑफिसात शिपाई. ऑफिसात बियाणं मोजायचा काटा आहे. दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आधी मी त्यावर उभा राहिलो. बेचाळीस किलो साडेसातशे ग्रॅम. सोयाबीनच्या तीस किलोच्या दीड बॅगा म्हणजे पंचेचाळीस. मी दीड बॅगही भरत नव्हतो.

माझी मुलगी बुद्धप्रिया लातूरला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. तिला फोन केला. ती फोनवरही वर्गात उभी असल्यासारखीच बोलते.

"पप्पा, दिवसातून किती वेळा जेवता?"

"लागेल तसं."

"म्हणजे किती?"

"सकाळी चहा. दुपारी डबा असला तर डबा."

"रात्री?"

रात्री मी ताट घेऊन बसतो, पण एकटा बसलं की घास फिरतो. हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, रात्री हलकं.

मग तिनं समजावलं. मला समजावं म्हणून माझ्याच ऑफिसचा दाखला दिला. जेवल्यावर रक्तात येते ती साखर म्हणजे टेबलावरची फाईल, लगेच कामाला लागते. उरलेली लिव्हर उचलून ठेवतं, ते झालं कपाट. कपाट भरलं की बाकीचं चरबी होऊन रेकॉर्ड रूमला जातं. उपाशी राहिलं की उलटं सुरू होतं. टेबल रिकामं झालं की कपाट उघडतं, ते एका दिवसात संपतं. मग रेकॉर्ड रूम.

"आणि रेकॉर्ड रूमही संपली तर?"

"तुमची संपली आहे, पप्पा. आता शरीर खुर्च्या-टेबलं मोडायला लागलंय. मांस. डोक्याला साखर लागतेच, ती मांस मोडून करतंय. वर्षभर तुम्ही स्वतःलाच खाताय."

मी म्हणालो, तरीच चव लागत नाही. ती हसली नाही.

मला वाढायचं आहे ही बातमी गल्लीत कशी गेली ते ठाऊक नाही. मी फक्त धोंडप्पाला सांगितलं होतं. धोंडप्पाचं कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि प्रत्येक विषयावर मत. त्याला सांगितलं की वेगळी दवंडी लागत नाही.

"केळी खा," तो म्हणाला. "अर्धापूरची. सकाळी चार, संध्याकाळी चार, वर दूध. पंधरा दिवसात गड्याचा पैलवान होतोय."

त्याच्या मेहुण्याची अर्धापूरला बाग होती, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी माझ्या घरी एक अख्खा घड आला. इतर सल्लेही येत राहिले. एकानं सांगितलं भिजवलेले हरभरे, दुसऱ्यानं शेंगदाणे आणि गूळ. समोरच्या बाई म्हणाल्या, दुपारी जेवून झोपा. ऑफिसातला वाहनचालक म्हणाला, चालू नका, चालल्यानं जळतं. मी घरून ऑफिसला तीन किलोमीटर चालत जातो. त्यानं दयेनं मला जीपमध्ये बसवलं. साहेबांना घरून आणायला निघालेल्या रिकाम्या जीपमध्ये शिपाई बसलेला बघून लोक साहेबांना विचारू लागले की शिपायाला गाडी मिळाली का. चौथ्या दिवशी मी परत चालू लागलो.

लोक डबे आणत. हे चांगलंच आहे, पण डबा ठेवून कुणी जात नसे. समोर बसून बघत. मी घास तोंडात घातला की समोरचं तोंडही हलायचं. साठीला आलेल्या माणसाला कुणी गिळताना मोजू नये.

आठव्या दिवशी सकाळी पाच केळी, दूध आणि भिजवलेले हरभरे यांचं माझ्या पोटात भांडण झालं. दोन दिवस मी ऑफिसला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी काट्यावर एकेचाळीस किलो नऊशे. मी जिथून निघालो होतो त्याच्याही मागे.

"काटा खराब हाय तुमचा," धोंडप्पा म्हणाला. "सरकारी काटा. मोंढ्यात चल."

नव्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्याच्या ओळखीचा अडत्या होता, मलप्पा. सोयाबीन, हळद तोलायचा मोठा काटा. दोन पोत्यांच्या मधे मला उभं केलं. हमाल म्हणाला, काका, हलू नका. काटा म्हणाला बेचाळीस सहाशे. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात मलप्पानं चिठ्ठीवर एकेचाळीस सहाशे लिहिलं.

"एक किलो कुठं गेला?" मी विचारलं.

"कडता."

माल ओला असेल, त्यात माती असेल, म्हणून मोंढ्यात प्रत्येक पोत्यामागं थोडं वजन कापतात. हे मला माहीत होतं, पण ते मला लागू होईल असं वाटलं नव्हतं.

"मी माल नाही."

"ओलावा हाय की," मलप्पा शांतपणे म्हणाला. "आताच पाणी पिऊन आलासा. माणसात तर मालापेक्षा जास्त ओलावा असतोय."

त्याचं चुकत नव्हतं. दुकानातून निघताना मी एक तांब्या पाणी पिऊन आलो होतो. पण अपमान व्हायचा तो झालाच. परत येताना धोंडप्पा म्हणाला, तू चिडू नको, त्यानं मला सुद्धा कडता लावलाय.

रात्री मी बुद्धप्रियाला केळ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. आणि जेवताना फोन चालू ठेवा. तेव्हापासून रात्री साडेआठला तिचा फोन येई. ती तिकडे पेपर तपासायची, मी इकडे जेवायचो. दोघं बोलत नसू. मधेच ती म्हणायची, पप्पा, आवाज येईना, खाऊन राहिले का? मी भांडं आपटून दाखवायचो. घास फिरायचा थांबला नाही, पण फिरून फिरून खाली जायला लागला.

वजन वाढायला लागलं, तसा वयाचा कागद अडला. रविकांत म्हणाला, आधार कार्ड दाखवा. आधारवर माझा जन्म एक जानेवारी निघाला. साल तेच. म्हणजे गुरुजींच्या हिशेबानं मी एकोणसाठचा आणि आधारच्या हिशेबानं जानेवारीतच साठचा झालेला. एकाच माणसाच्या तीन जन्मतारखा, आणि खरी फक्त आईची.

"ऑफिसचं पत्र आणा," रविकांत म्हणाला. "सर्व्हिस बुकातली तारीख, सही-शिक्क्यासकट. चालून जाईल."

मला हसू आलं. त्या ऑफिसात शिक्का मीच आणून देतो. मी अर्ज लिहिला आणि हेडक्लार्ककडे दिला. त्यानं कारण विचारलं. रक्त द्यायचं आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "रामकिशन, एकतीस तारखेला तू रिटायर होऊन राहिला. जाता जाता कशाला?" मग त्यानं अर्जावर काहीतरी लिहिलं, घंटी वाजवली आणि आलेल्या शिपायाला म्हणाला, हे आवक-जावकला दे. आलेला शिपाई मीच होतो.

मी माझा अर्ज घेऊन आवक-जावकला गेलो. तिथून आस्थापनेला. आस्थापनेतून परत हेडक्लार्ककडे, कारण एक प्रत कमी होती. साहेबांच्या दाराशी स्टुलावर मी बसलेला असतो, आणि भेटायला आलेल्यांना साहेब मीटिंगमध्ये आहेत हे सांगणं माझं काम. आठ दिवस मी स्वतःला ते सांगितलं. अर्जदार म्हणून मला शिपायाचा राग यायचा. शिपाई म्हणून मला वाटायचं, ह्या माणसाला एवढी घाई कशाची. चोवीस मेला सही झाली. शिक्का मी दोनदा मारला.

अठ्ठावीसला संध्याकाळी ऑफिसच्या काट्यावर पंचेचाळीस किलो शंभर. मी काट्यावरून उतरून पुन्हा चढलो. तेच.

त्याच दिवशी धर्माबादहून रेणुकाताई आल्या. पंचशीलेच्या थोरल्या बहीण. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बुद्धप्रियाही लातूरहून आली. सगळं ठरल्याप्रमाणं होतं. सकाळी नऊला शिबिर, अकराला भन्ते येणार, भोजनदान, मग सगळ्यांची जेवणं. मला तेव्हाही त्यात चूक दिसली नाही.

एकोणतीसला नऊ वाजता गाडी आली. मांडवात चौतीस माणसं. धोंडप्पानं गल्लीतली सगळी पोरं आणली होती, माझे पुतणे लोह्याहून आले होते. रविकांतबरोबर एक डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी पहिल्या माणसाला विचारलं, सकाळी काय खाल्लं?

"काही न्हाई," तो म्हणाला.

दुसऱ्याला विचारलं. काही न्हाई. तिसरा, चौथा, तेच. सातव्यानं तर छाती पुढे काढून सांगितलं, "पाणी सुद्धा न्हाई, मॅडम."

भन्तेंनी भोजन घेतल्याशिवाय घरच्यांनी आणि आलेल्यांनी तोंडात काही घालायचं नाही, हे आमच्याकडे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. धोंडप्पासुद्धा पाळून आला होता, त्याचा काही संबंध नसताना. मी बुद्धप्रियाकडे पाहिलं.

"तू तरी?"

"मावशीनं हातातला कप काढून घेतला," ती खालच्या आवाजात म्हणाली.

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. चौतीस माणसं, सगळ्यांची कपाटं रिकामी. वर बेचाळीस डिग्री ऊन. "एकेक जण आडवा होईल," त्या म्हणाल्या. "चार तासांच्या आत काहीतरी खाल्लेलं पाहिजे. आणि आम्हाला साडेबाराला निघायचंय. दुसरं शिबिर आहे."

भन्तेंना फोन लावला. गाडी लोह्याच्या पुढे पंक्चर झाली होती. बाराच्या आत पोचले तर पोचले. बारानंतर ते अन्न घेत नाहीत, म्हणजे मग भोजनदान नाहीच.

तेवढ्यात रविकांतनं माझं वजन करून घेतलं, नंतर घाई नको म्हणून. चव्वेचाळीस किलो सहाशे. काल संध्याकाळपासून अर्धा किलो गेलं होतं. मी फक्त झोपलो होतो. बुद्धप्रिया म्हणाली, झोपेतही श्वासातून, घामातून जातं पप्पा, शरीर बंद नसतं. हे तिनं आधी सांगायला हवं होतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. ज्वारीच्या भाकरीची चवड झाकून ठेवली होती. मी वरची भाकरी घेतली. रेणुकाताई दारात आल्या.

"दाजी, काय करून राहिले?"

"भाकरी घेतो."

"भन्ते यायचेत."

"यायचेत."

"आज माझ्या बहिणीचा दिवस हाय. तिचं नाव घेऊन वर्षभर रडला न्हाईत, निदान दोन तास उपाशी तर ऱ्हावा."

रडलो नाही हे खरं होतं. मी त्यांना दवाखान्यातलं सांगितलं. पोह्यांचं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बुद्धप्रियालाही नाही. उभ्या उभ्या, भाकरी हातात धरून सांगितलं. मोठं सांगण्यासारखं नव्हतंच, चार वाक्यांत संपलं.

"तेव्हा मी उपाशी होतो म्हणून राहिलं," मी म्हणालो. "आज पुन्हा तेच सांगून परत पाठवतील."

मी भाकरीचा घास तोडला. मांडवातून चौतीस माणसं दाराकडे बघत होती, कुणी तोंड हलवत नव्हतं. घास कोरडा होता. रेणुकाताईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वाटीत वरण घातलं.

"कोरडी खाऊ नका. बसा."

मग त्या मांडवात गेल्या आणि म्हणाल्या, पंगत बसवा. धोंडप्पा म्हणाला, आणि भन्ते? त्या म्हणाल्या, त्यांचं ताट मी वेगळं काढलंय, तू बस.

पुढची अडचण रेणुकाताईंच्या हाताची. त्यांना कमी वाढता येत नाही. पुऱ्या, बटाट्याची तेलाळ भाजी, वर जिलेबी. डॉक्टरीण बाई धावत आल्या. "अहो, हलकं. एवढं तेल खाल्लं की रक्तातलं पाणी दुधासारखं पांढरं दिसतं, ते फेकावं लागतं." रेणुकाताईंनी हे ऐकलं आणि वाढलेल्या पुऱ्या परत उचलायला सुरुवात केली. वाढलेलं उचलताना मी कुणाला आयुष्यात पाहिलं नव्हतं. एका पुतण्यानं पुरी तोंडात कोंबली, तर त्यांनी त्याचा हात धरला. शेवटी भाकरी, वरण, दोन केळी, असं ठरलं. केळी धोंडप्पाच्या मेहुण्याची. ती अजून संपत नव्हती.

अकरा चाळीसला भन्ते आले. मांडवात एकीकडे उरलेल्यांची पंगत, दुसरीकडे रक्त देणं चालू, हे बघून थांबले. मी पुढे होऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रक्तही दानच आहे. उपाशी ठेवून दान घेऊ नये." आणि जेवायला बसले. बाराला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी हात धुतले. रेणुकाताईंनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं होतं.

खाल्ल्यावर माझं वजन पंचेचाळीस किलो दोनशे. त्यातलं सहाशे ग्रॅम अजून माझं झालेलं नव्हतं, ते भाकरी, केळी आणि पाणीच होतं. मलप्पा असता तर त्यानं कापलं असतं. डॉक्टरीण बाईंनी कापलं नाही. ऑफिसचं पत्र त्यांनी वाचलं, दोन शिक्के बघितले आणि बाजूला ठेवलं.

एकोणतीस जणांचं रक्त झालं. मी पहिला म्हणालो होतो, झालो शेवटचा. बारा वीसला आडवा झालो. सुई टोचली तेव्हा दुखलं, मग दुखलं नाही. पिशवी एका हलणाऱ्या ट्रेमध्ये डुलत होती. मी तिच्याकडे बघत होतो. रक्त माझ्या अपेक्षेपेक्षा काळपट होतं. रविकांतनं पिशवीवर नंबर चिकटवला, नाव नाही.

उठल्यावर त्यानं बिस्किटं आणि कॉफी दिली. त्याची आवराआवर चालू होती.

"तीन महिन्यांनी फोन करतो, काका."

"तीन महिन्यांनी मी साठच्या वर."

"ती अट पहिल्यांदा देणाऱ्याला. तुम्ही आता जुने झालात. जुन्याचं पासष्टपर्यंत घेतो आम्ही." तो पेटी उचलत म्हणाला. "पंचेचाळीसच्या खाली जाऊ नका फक्त."

गाडी गेली. मी खुर्चीवर बसून राहिलो. मला वाटलं होतं, आज हे काम संपलं. एकदा द्यायचं होतं, ते दिलं. पाच वर्षं, वर्षाला चार वेळा, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी ह्या भानगडीत पडलो असतो की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रेणुकाताई मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे पाच वर्षं खावं लागंल तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हाव."

त्यांनी ताट समोर ठेवलं. दोन भाकऱ्या होत्या. मी एक उचलून परत द्यायला हात पुढे केला. त्यांनी हात पुढे केला नाही. थोडा वेळ भाकरी तशीच मधे धरून मी बसलो, आणि मग ती ताटात ठेवली.